द्वादशीची ओहोटी : मुंबईहून अलिबागचा एक दिवस

मुंबईहून अलिबागला एका दिवसात जाऊन यायचे, तर बहुतेक लोक आधी सुट्टीचा वार पाहतात, मग बोटीचे वेळापत्रक पाहतात आणि समुद्राचा विचार तिथे पोहोचल्यावर करतात. आम्ही या वेळी क्रम उलटा केला. अलिबागसमोर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला पायी पाहायचा असेल, तर ओहोटीची वेळ आधी ठरते आणि उरलेला दिवस तिच्या पुढेमागे बसवावा लागतो. ही बसवाबसवी मला प्रवासाइतकीच आवडली, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो.

हिशेब आईने केला. तिचे माहेर कोकणातल्या खाडीकाठचे, त्यामुळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सणवार पाहायच्या आधी तिथी पाहायची तिची सवय अजून गेलेली नाही. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ तासांत मिळते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते, हा आडाखा आपल्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तिथीचे आकडे प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत आणि पुन्हा प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत मोजायचे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागे जाते, म्हणून हा आडाखा चालतो. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो हे खरे, परंतु बेत आखायला तेवढा अंदाज पुरेसा असतो. नेमकी वेळ हवी असेल, तर भरती-ओहोटीची छापील कोष्टके आणि मोबाइलवरची माहिती आहेच. मी ती पडताळून पाहिली, तेव्हा आईचा अंदाज कोष्टकाच्या अगदी जवळ होता.

माझा पहिला विचार अष्टमीचा होता. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते आणि सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला याहून सोयीची वेळ कोणती असणार? आईने तो बेत लगेच मोडला. अष्टमीला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकमेकांना काटकोनात असते, त्यामुळे त्या दिवशी भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. किल्ल्याच्या वाटेवर अशा दिवशी गुडघ्याएवढे पाणी उरलेले असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते तेव्हा पाणी चांगले लांबवर हटते, पण त्या दिवसांतली ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीला येते. म्हणजे सोयीची वेळ हवी तर पाणी पुरते उतरत नाही आणि पाणी पुरते उतरायला हवे तर वेळ सोयीची नाही. यातला मधला मार्ग एकादशी ते त्रयोदशी एवढाच उरतो. द्वादशीला बारा गुणिले पाऊण म्हणजे सकाळी नऊला भरती आणि तीन-सव्वातीनला ओहोटी. माघातली शुद्ध द्वादशी आठवड्याच्या मधल्या वारी येत होती, म्हणून मी रजा टाकली.

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही गेटवे ऑफ इंडियाला पोहोचलो. मांडव्याच्या बोटी तिथूनच सुटतात आणि तिकिटाच्या खिडक्याही तिथेच आहेत. बोटीच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते, त्यामुळे एकदा तिकीट हातात आले की पुढची चिंता राहत नाही. भरती जवळ आलेली असल्यामुळे धक्क्याच्या पायऱ्यांपैकी बऱ्याचशा पाण्याखाली होत्या आणि बोट जवळजवळ आमच्या पातळीला डुलत होती. ओहोटीच्या वेळी याच पायऱ्या शेवाळलेल्या आणि उंच वाटतात, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्या उतरणे जड जाते. द्वादशीचा हा एक फायदा आम्ही आधी हिशेबात धरला नव्हता. संध्याकाळी परततानाही पाणी पुन्हा चढतीवर असणार होते, म्हणजे आईच्या गुडघ्यांची दोन्ही वेळची सोय तिथीनेच केली होती.

बोटीत खाली वातानुकूलित जागा असते आणि वर उघडा सज्जा. हिवाळ्यात वर बसावे. बोट सुटताच कुरव पक्ष्यांचा थवा मागे लागतो आणि बंदराच्या बऱ्याच अंतरापर्यंत बोटीबरोबर उडत राहतो. हे पाहुणे थंडीपुरते येतात आणि उन्हाळा लागला की परततात. प्रवासी त्यांच्याकडे कुरकुरीत तळलेले पदार्थ फेकतात आणि पक्षी ते हवेतल्या हवेत झेलतात. दृश्य मोठे गमतीचे असते, पण मीठ-मसाला लावलेले ते खाणे पक्ष्यांच्या पोटाला काय करत असेल, याचा विचार फेकणाऱ्याने करायला हवा. आईने शेजारच्या मुलाला तसे सांगितलेही. त्या मुलाने पाकीट मिटून स्वतःच खायला घेतले, आणि माझ्या मते तो निकाल सर्वांच्या हिताचा होता.

नांगरून पडलेली मालवाहू जहाजे, नौदलाच्या करड्या नौका आणि मागे हळूहळू धूसर होत जाणारा ताजमहाल हॉटेलचा घुमट हे सगळे पाहत तासाभरात मांडवा येते. रस्त्याने हेच अंतर 2024 मध्ये बंदरावरचा अटल सेतू सुरू होईपर्यंत शंभरेक किलोमीटरचे होते, कारण सगळ्या बंदराला आणि खाड्यांना वळसा घालून पनवेल, पेण, वडखळ असे फिरून यावे लागे, आणि रस्त्याच्या वाटेवर वाहने कुठे किती वेळ तुंबतील हे कोणीच सांगू शकत नाही. 2020 च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवाही आहे, तिच्यातून स्वतःची गाडी नेता येते. तरी एका दिवसाच्या विसाव्यासाठी गाडी नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गाडी सोबत असली की माणूस आवास, किहीम, नागाव, चौल, रेवदंडा अशी यादी करतो आणि ती पुरी करण्यात दिवस घालवतो.

मांडव्याहून बस चोंढीवरून अलिबागला येते. सुमारे वीस किलोमीटरचा हा रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना आंबा, नारळ, मधूनच भाताची कापलेली खाचरे आणि मुंबईकरांच्या बंगल्यांच्या उंच भिंती दिसतात. चोंढीजवळून किहीमचा फाटा फुटतो. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी याच किहीमला 1930 च्या सुमारास सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे निरीक्षण केले आणि नर एकामागून एक घरटी कशी विणतो, मादी ती पारखून कशी घेते, याचा उलगडा केला. काही काम नसताना एका झाडापुढे दिवसच्या दिवस बसून राहणे किती फळाला येऊ शकते, याचे एवढे चांगले उदाहरण या रस्त्यावर दुसरे नसेल.

अलिबागला उतरलो तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि वाट मोकळी व्हायला किमान पावणेचार तास होते. आमच्या दिवसाचे वैशिष्ट्य हेच होते, की हे पावणेचार तास आम्हाला कशानेही भरता येत नव्हते आणि भरायचेही नव्हते. समुद्राला घाई करता येत नाही. मुंबईत वाट पाहणे म्हणजे लोकलची, लिफ्टची किंवा कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणे असते आणि त्यात जीव टांगलेला असतो. इथे वाट पाहण्याच्या शेवटी पाणी उतरणारच आहे हे ठाऊक असल्यामुळे त्या वेळाचे ओझे होत नाही.

आम्ही आधी कान्होजी आंग्रे यांच्या समाधीवर गेलो. मराठ्यांच्या आरमाराचे हे सरखेल 1729 मध्ये वारले आणि त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी 1721 मध्ये एकत्र येऊन या किनाऱ्यावर चढाई केली होती आणि त्यांना हात हलवत परतावे लागले होते, हे शाळेत वाचलेले असते. परंतु त्या मोहिमेचे लक्ष्य असलेले गाव आज इतके निवांत असेल असे तेव्हा वाटलेले नसते. समाधीच्या आवारात आम्ही बराच वेळ सावलीत बसलो होतो.

तिथून बाजारात आलो. पांढऱ्या कांद्याचा हंगाम नुकताच लागत होता आणि काही ठिकाणी पातीसकट विणलेल्या माळा टांगलेल्या दिसत होत्या. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तो तिखट नसतो, नुसता खाल्ला तरी गोडसर लागतो, मात्र साठवणीत काळजी घ्यावी लागते. माळ विणण्याचे कारण तेच आहे, टांगून ठेवल्यामुळे कांद्याला वारा लागतो. आईने वालाचीही चौकशी केली आणि भाव ऐकून, “मुंबईत याच्या निम्म्याने मिळतात,” असे सांगितले. विकणाऱ्या बाईंनी न रागावता, “मिळत असतील हो आजी, पण ते इथले नसतील,” असे उत्तर दिले. दोघींचेही समाधान झालेले दिसले आणि वाल आमच्या पिशवीत आले.

जेवण आम्ही लवकर, बाराच्या आतच उरकले. एका साध्या खानावळीत जिताड्याची आमटी होती. रायगड जिल्ह्याच्या खाड्यांमध्ये आणि गावतळ्यांमध्ये मिळणारा हा मासा इथल्या पाहुणचाराचा मानाचा मासा आहे. त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. एवढेच सांगतो, की त्यानंतर उन्हात चालायची कोणाचीही तयारी नव्हती.

किनाऱ्याकडे जाताना चुंबकीय वेधशाळेची हद्द लागते. आत जायला परवानगी लागते आणि आम्ही ती मागितलेली नव्हती, पण बाहेरूनही या जागेचा इतिहास आठवणे मला आवश्यक वाटते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून होत असत. 1859 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या प्रचंड सौर वादळाची नोंदही तिथल्या उपकरणांनी टिपलेली आहे. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे स्पष्ट झाले आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने वेधशाळेतल्या सुया थरथरू लागतील अशी काळजी निर्माण झाली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागची जागा निवडली गेली आणि 1904 पासून इथे नोंदी सुरू झाल्या. जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. इथली इमारत लोखंडासारखा चुंबकाला ओढणारा पदार्थ टाळून बांधलेली आहे. आज हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. मुंबईच्या गजबजाटातून स्वस्थतेसाठी अलिबागला येण्याची प्रथा अशा रीतीने एका चुंबकसुईपासून सुरू झाली, असे मी आईला सांगितले. “सुईला निदान रजा टाकावी लागली नसेल,” एवढेच ती म्हणाली.

सुरूच्या झाडांखाली आम्ही सतरंजी अंथरली. समोर किल्ला पाण्यात उभा होता आणि त्याच्या पायथ्याशी लाटा फुटताना दिसत होत्या. दीड-पावणेदोनच्या सुमारास उत्तरेच्या बाजूला काळसर खडकांची एक ओळ वर आली. काही वेळाने तिच्याजवळ वाळूचा पट्टा दिसू लागला, मग त्या पट्ट्यात साचलेली डबकी वेगळी झाली आणि त्यांच्यावर बगळे येऊन उभे राहिले. पाणी ओसरताना दिसत नाही, ते ओसरल्याचे मात्र दर वेळी नजर वर केली की कळते. मी सोबत आणलेले पुस्तक उघडले होते, पण त्याची फारशी पाने उलटली गेली नाहीत. आई चक्क झोपली. तिला दुपारी घरी कधी झोप लागत नाही अशी तिची नेहमीची तक्रार असते.

दोन वाजून गेल्यावर घोडागाड्या हलू लागल्या. किनाऱ्यापासून किल्ला किलोमीटर-दीड किलोमीटर आत आहे. तरुण माणसाला ते अंतर काहीच नाही, परंतु ओल्या वाळूत आणि मधल्या खडकाळ भागात पाय जपून टाकावे लागतात. आईसाठी गाडी केली आणि मी बाजूने चालत निघालो. गाडीत दोनच माणसे बसवलेली पाहून मगच ती निवडली होती, कारण काही गाड्यांवर इतकी माणसे चढतात की ओल्या वाळूत घोड्याची दमछाक बघवत नाही. गाडीवाल्याला मी विचारले, “काका, पाणी कधी फिरेल?” त्याने किल्ल्याकडे न पाहताच सांगितले, “सव्वातीनला फिरंल. तुम्ही चारच्या आत बाहेर या, मग कायपण घाई नाय.” ओहोटी पुरी झाल्यावरचा पहिला तास पाणी सावकाश चढते आणि नंतर त्याचा वेग वाढतो, म्हणून हा चारचा हिशेब होता. किल्ल्यात अडकलेल्या माणसाला पुन्हा वाट मोकळी होईपर्यंत बसून राहावे लागते किंवा होडी शोधावी लागते.

कुलाबा किल्ल्याचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये, आपल्या अखेरच्या वर्षात, सुरू करवले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. तटाचे मोठाले चिरे बऱ्याच ठिकाणी चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले दिसतात. लाटेचे पाणी त्यांच्यामधल्या फटींत शिरते आणि तिथेच त्याचा जोर मोडतो, असे याचे कारण सांगितले जाते. तीन शतकांहून अधिक काळ रोज दोनदा पाणी अंगावर घेऊनही तट उभा आहे, तेव्हा ते कारण पटायला हरकत नाही. महादरवाजावर हत्ती, वाघ आणि मोर कोरलेले आहेत. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून आत जायला तिकीट लागते.

आतल्या गणपतीच्या देवळाने आई सुखावली. राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधलेले हे सिद्धिविनायकाचे देऊळ नीट राखलेले आहे आणि शेजारीच पायऱ्यांची गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारही बाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी असणे ही सागरी किल्ल्याची पहिली गरज असते. ते नसते, तर तट कितीही भक्कम असूनही वेढा पडल्यावर ठाणे टिकले नसते. पाण्याशेजारच्या पायरीवर बसून आईने दोन स्तोत्रे म्हटली आणि मी तटावर चढून उत्तर टोकाला गेलो. तिथे चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचे नाव आणि 1849 हे साल आहे. म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या नव्हेत. त्यांचे संस्थान त्याआधीच खालसा झालेले होते. तरीही तिथे फोटो काढणारे एक गृहस्थ आपल्या मुलांना या तोफांनी कान्होजींनी इंग्रजांची जहाजे बुडवल्याचे रंगवून सांगत होते. मी बोललो नाही. पण सालाकडे बोट दाखवायला हवे होते की काय, असे मनात बराच वेळ घोळत राहिले.

किल्ल्याला लागूनच सर्जेकोट हे छोटे ठाणे आहे. मला तिथवर जायचे होते, पण पावणेचार वाजले होते आणि काकांचे शब्द लक्षात होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा येताना कोरडा असलेला एक पट्टा ओला झालेला होता आणि आई गाडीतून, “चल रे, पाणी फिरलं,” असे मला बजावत होती. किनाऱ्यावर चहा घेईपर्यंत मघाची डबकी एकमेकांना मिळाली होती.

परतीची बस बोटीच्या वेळेशी जोडलेली असते, म्हणून सकाळीच ती कुठून आणि किती वाजता सुटते हे विचारून ठेवलेले बरे. आम्ही ते विचारले होते, त्यामुळे मांडव्याला वेळेत पोहोचलो आणि साडेपाचनंतरच्या बोटीत बसलो. संध्याकाळी बोटीवर वारा बोचरा असतो आणि आईला खालची जागाच बरी वाटली. पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, गेटवेहून सुटणाऱ्या या बोटी बंद असतात, तेव्हा हा सगळा हिशेब पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांपुरताच आहे, आणि त्यातही एप्रिल-मे मध्ये दुपारी तीनला वाळूवरून चालणे कोणालाही सुचवणार नाही.

सर्जेकोट राहिला आहे, म्हणून आईने बोटीतच पुढची दिनदर्शिका उघडली. तृतीयेला सकाळी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी येते, उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो आणि ऊनही कोवळे असते. फक्त मुंबईहून पहिली बोट धरूनही त्या वेळेला किल्ल्याजवळ पोहोचणे कठीण आहे, त्यामुळे त्यासाठी आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा लागेल आणि मला एकाऐवजी दोन दिवसांची रजा मागावी लागेल.